तिसरा माणूस

आपल्या मराठी माणसाला इतिहास आठवतो तो बहुधा भांडणांच्या क्रमाने. टिळक-आगरकर म्हटले की आधी राजकीय की आधी सामाजिक हा वाद, टिळक-गोखले म्हटले की १९०७ ची सुरतेची उधळलेली सभा, गांधी-आंबेडकर म्हटले की १९३२ सालचे येरवड्याचे उपोषण. दोन थोर पुरुषांच्या नावांमध्ये संयोगचिन्ह आले की त्याचा अर्थ 'विरुद्ध' असाच घ्यावयाचा, हे शाळेत कोणी न शिकवताच आम्ही शिकलो. मैत्रीला मात्र पाठ्यपुस्तकात धडा नव्हता. असलाच तर तो कृष्ण-सुदाम्याचा; आणि त्यातही एक राजा व एक याचक असल्यामुळे राजकारणातील मैत्रीच्या कामी तो फारसा येत नाही.

आमच्या रामपायलीत रामाच्या देवळापाशी संध्याकाळी जमणाऱ्या निवृत्त मंडळींची जी काही नित्यकर्मे आहेत, त्यांत जुन्या पुढाऱ्यांची भांडणे नव्याने लढणे हे एक प्रमुख कर्म होय. बाजू ठरलेल्या, वाक्येही ठरलेली. अशा बैठकीतून उठताना मनात एक प्रश्न वारंवार येतो. ही माणसे जर आपसात एवढीच भांडत होती, तर देश उभा राहिला कसा? घटना लिहिली कोणी? नुसत्या भांडणातून पक्ष निघतात, वर्तमानपत्रे निघतात. राज्य निघत नाही. कोठेतरी कोणीतरी कोणावर तरी विश्वास टाकला असलाच पाहिजे.

या प्रश्नाचा पाठपुरावा करता करता आम्हाला जे दिसले ते असे की, राष्ट्राच्या उभारणीच्या काळात दोन मोठ्या माणसांची मैत्री ही क्वचितच दोघांची असते. तिच्यात एक तिसरा माणूस असतो. तो दोघांकडे जातो, दोघांचे ऐकून घेतो, दोघांच्या शिव्या खातो, आणि काम झाले की त्याचे नाव संयोगचिन्हाच्या कोठल्याच बाजूला उरत नाही.

दूरचे उदाहरण घ्यावयाचे तर अमेरिकेचे घ्यावे. जॉन अ‍ॅडम्स आणि टॉमस जेफरसन हे दोघे १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या समितीत खांद्याला खांदा लावून बसले होते. पुढे पक्ष निराळे झाले. १८०० च्या निवडणुकीत जेफरसनने अ‍ॅडम्सचा पराभव केला, आणि अ‍ॅडम्स इतके दुखावले की नव्या अध्यक्षाच्या शपथविधीलाही न थांबता पहाटेच राजधानी सोडून गेले. त्यानंतर सुमारे दहा वर्षे अबोला. तो मोडला बेंजामिन रश नावाच्या एका डॉक्टराने. जाहीरनाम्यावर त्याचीही सही होती. याला पत्र लिही, त्याला पत्र लिही, असे त्याने चिकाटीने चालवले, आणि १८१२ पासून त्या दोन वृद्धांचा पत्रव्यवहार पुन्हा सुरू झाला तो अखेरपर्यंत. दोघेही वारले एकाच दिवशी, ४ जुलै १८२६ रोजी. जाहीरनाम्याला बरोबर पन्नास वर्षे झाली तो दिवस. हा योगायोग जगाला ठाऊक आहे. डॉक्टर रश ठाऊक असणारे थोडे.

आपल्याकडे टिळक-गोखल्यांच्या बाबतीतही मध्यस्थीचा यत्न झाला होता. मंडालेहून सुटून आल्यावर टिळकांना व त्यांच्या पक्षाला काँग्रेसमध्ये परत घ्यावे म्हणून १९१४ च्या अखेरीस अ‍ॅनी बेझंट बाईंनी पुष्कळ खटपट केली. ती फसली आणि उलट मने अधिकच कडवट झाली. मध्यस्थी नेहमी फळाला येते असे नाही, हे येथेच सांगून ठेवलेले बरे. फेब्रुवारी १९१५ मध्ये गोखले गेले. टिळक सिंहगडावर होते. ते तडक पुण्यास आले आणि आपल्या हयातभराच्या प्रतिपक्ष्याच्या चितेपाशी उभे राहून त्यांनी त्याचा मनापासून गौरव केला. मैत्री होती, असे त्यावरून म्हणवत नाही. पण जे काही होते ते शत्रुत्व नव्हते, एवढे खास.

आता आमच्या प्रांताकडे येतो. कारण या विषयाची आमच्या घराला लागलेली झळ तेथलीच आहे.

बालाघाट हा १८६७ साली भंडारा, मंडला व सिवनी यांचे तुकडे जोडून झालेला जिल्हा. भोसल्यांच्या अमदानीत वैनगंगेच्या खोऱ्यात येऊन राहिलेली आपली घराणी या जिल्ह्यात मुरली. राजधानी नागपूर, कोर्ट नागपूर, कॉलेज नागपूर, लग्नाचे शालू नागपूरचे. नागपूरच्या टिळकपंथी मंडळींचे वारे येथवर येत असे. डॉ. मुंजे, बॅरिस्टर मोरोपंत अभ्यंकर, डॉ. ना. भा. खरे, डॉ. हेडगेवार, अमरावतीचे दादासाहेब खापर्डे, यवतमाळचे बापूजी अणे ही सारी नावे पुढे निरनिराळ्या झेंड्यांखाली गेली. पण १९२० च्या डिसेंबरात नागपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले तेव्हा यांतील बहुतेक एकाच मांडवाच्या आगेमागे राबत होती. आज त्यांच्या अनुयायांना एका व्यासपीठावर बसवणे कठीण जाईल. तेव्हा ती एका पंगतीला जेवत होती.

आमच्या भागातील जुन्या मराठी घरांतून 'खरे प्रकरण' हा शब्दप्रयोग अजून ऐकू येतो. नव्या पिढीला त्याचा अर्थ 'सत्य घटना' असा वाटतो, आणि प्रत्येक पक्षाला आपलीच हकीकत तशी वाटत असल्यामुळे तो अर्थही चुकीचा म्हणवत नाही. १९३७ च्या निवडणुकीनंतर मध्यप्रांत व वऱ्हाडात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले. डॉ. खरे मुख्यमंत्री, किंवा त्या वेळच्या भाषेत पंतप्रधान, झाले. मंत्रिमंडळात मराठी भागाचे गोळे व देशमुख होते. महाकोशलचे पंडित रविशंकर शुक्ल, पंडित द्वारकाप्रसाद मिश्र आणि मेहता होते. वर्षभरातच बेबनाव इतका वाढला की मे १९३८ मध्ये पचमढीला सरदार पटेलादी श्रेष्ठींच्या समक्ष समेट घडवावा लागला. तो दोन महिनेही टिकला नाही. २० जुलैला खऱ्यांनी राजीनामा दिला, गोळे-देशमुखांनीही दिला. शुक्ल, मिश्र आणि मेहता यांनी श्रेष्ठींच्या आज्ञेवाचून राजीनामा देण्याचे नाकारले. गव्हर्नर वायली यांनी त्या तिघांना बडतर्फ केले आणि खऱ्यांनी नवे मंत्रिमंडळ बनवले. तेही चार दिवसांचे ठरले. सुभाषबाबूंच्या अध्यक्षतेखाली वर्ध्याला कार्यकारिणी बसली, खरे दोषी ठरले, आणि जुलै संपता संपता शुक्लजी मुख्यमंत्री झाले.

आमच्या आजोबांच्या तोंडी ही हकीकत 'हिंदीवाल्यांनी आपल्या माणसाला काढले' एवढ्या एका वाक्यात मावत असे. आजोबा एका मालगुजाराकडे दिवाणजी होते. हिशेबात ते दमडीचीही चूक करीत नसत, पण या एका खात्यात त्यांनी जमेची बाजू कधी लिहिलीच नाही. पुढे नोकरीनिमित्त आम्ही जबलपूर, सागर भागात राहिलो तेव्हा तेथील वयोवृद्धांकडून हीच गोष्ट ऐकली, आणि तेथे ती 'खरे रातोंरात गव्हर्नरकडे गेले' एवढ्याच वाक्याची होती. दोन्ही वाक्ये वस्तुस्थितीला धरून आहेत. कायद्याच्या दृष्टीने पाहू गेल्यास मंत्रिमंडळ फिरवून घेण्याचा अधिकार त्याच्या प्रमुखाला असतो, आणि खऱ्यांचा मुद्दा तोच होता. पण ज्या गव्हर्नराच्या अधिकारांशी झुंजावयाचे म्हणून आपण निवडून आलो, त्याच्याच हातून आपल्या सहकाऱ्यांना बडतर्फ होऊ देणे हे त्या काळच्या लोकांना कसे दिसले असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. खऱ्यांवर अन्याय झाला असे मानणाऱ्यांनी हे जुलैचे दिवस वगळून बोलू नये, असे आमचे मत आहे. तसेच त्यांना दोष देणाऱ्यांनी आधीचे वर्ष वगळू नये.

आमचे लक्ष वेधले ते निराळ्याच गोष्टीने. या प्रकरणात न्यायाधीश पुष्कळ होते, तिसरा माणूस नव्हता. पचमढीला आणि वर्ध्याला जे आले ते निवाडा देण्यास आले. निवाडा झाल्यावर एक जिंकतो, एक हरतो, आणि हरलेला उठून जातो. डॉ. खरे तसे गेले: पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात, मग अलवारच्या दिवाणगिरीवर, मग हिंदु महासभेच्या अध्यक्षपदी. 'तरुण भारत' सुरू करणारा, नागपुरात काँग्रेस घरोघर नेणारा हा कर्तबगार मनुष्य देशाच्या उभारणीच्या ऐन वेळी त्या कामाच्या बाहेर राहिला. प्रांताचे आणि पुढे राज्याचे कारभारी शुक्लजी झाले. दोघांच्या मध्ये जाऊन बसणारा, दोघांनाही 'हे पाहा, असे करू नका' म्हणणारा आणि दोघांनाही ज्याचा राग येणार नाही असा एक मनुष्य त्या वेळी नागपुरात असता, तर? इतिहासात 'तर' ला किंमत नसते हे ठाऊक आहे. पण देवळापाशी बसलेल्या माणसांना तेवढी मोकळीक असावी.

असा एक मनुष्य मुंबईत होता. त्यांचे नाव बॅरिस्टर मुकुंदराव जयकर.

जयकरांचे नाव आज आपल्या वाचकांपैकी कितीजणांना ठाऊक असेल, कोण जाणे. पुणे विद्यापीठाच्या ग्रंथालयाला त्यांचे नाव आहे. ते त्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू होते. आमच्या प्रांताशी त्यांचा संबंध आला तो एका ताटातुटीच्या निमित्ताने. १९२५ साली स्वराज्य पक्षाचे, अमरावतीचे, तांबे यांनी मध्यप्रांत सरकारच्या कार्यकारी मंडळातील जागा पत्करली. पक्षाचे धोरण असहकाराचे. पंडित मोतीलाल नेहरू संतापले. केळकर आणि जयकर यांनी तांब्यांची बाजू घेतली, आणि त्यातून प्रतियोगी सहकारितेचा पक्ष निघाला. त्यात मुंजे, अणे हेही होते. मोतीलालजींनी या मंडळींविषयी अतिशय कठोर भाषा वापरली. सामान्य माणसाच्या हिशेबाने येथे दोघांचे संबंध संपावयास हवे होते.

परंतु पाचच वर्षांनी, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात, गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात आणि मोतीलाल-जवाहरलाल नैनीच्या तुरुंगात असताना, सरकार आणि काँग्रेस यांच्यात काही बोलणे होते काय हे पाहावयास जे दोघे निघाले त्यांत सर तेजबहादूर सप्रू यांच्या जोडीला हेच जयकर होते. नैनीहून येरवडा, येरवड्याहून सिमला, अशा त्यांच्या खेपा झाल्या. ऑगस्टमध्ये नेहरू पितापुत्रांना खास गाडीने येरवड्यास आणून गांधीजींबरोबर बोलणी झाली. ती निष्फळ ठरली. दोन्हीकडच्या वर्तमानपत्रांनी मध्यस्थांची टर उडवली. पुढे मार्च १९३१ मध्ये गांधी-आयर्विन करार झाला. त्याची भूमी तयार करण्यात सप्रू, जयकर आणि श्रीनिवास शास्त्री यांचे श्रम होते. करार मात्र दोघांच्या नावाने ओळखला जातो, आणि तेथेही संयोगचिन्ह आहेच.

१९३२ च्या सप्टेंबरात पुन्हा येरवडा. गांधीजींचे उपोषण आणि बाबासाहेब आंबेडकरांवर आलेले असह्य दडपण यांवर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि तो करार न्याय्य होता की नव्हता यावरचा वाद मिटलेला नाही. त्यात आम्ही शिरत नाही. एवढेच सांगावयाचे की, राखीव जागा किती आणि प्राथमिक निवडणूक कशी, या आकड्यांच्या घासाघिशीत सप्रू आणि जयकर होते, आणि २४ सप्टेंबरच्या त्या कागदावर इतरांबरोबर त्यांच्याही सह्या आहेत.

मग येते ते १९४६. ९ डिसेंबरला दिल्लीत घटना समिती बसली. मुस्लिम लीगने बहिष्कार घातलेला, संस्थानांचे प्रतिनिधी अद्याप यावयाचे, म्हणजे सभागृहातील पुष्कळ बाके रिकामी. १३ तारखेला पंडित नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला. सभागृह भारावलेले होते. अशा वेळी १६ तारखेला जयकर उठले आणि त्यांनी उपसूचना मांडली: लीग आणि संस्थाने यांना यावयास सवड द्यावी, तोवर ठराव पुढे ढकलावा. सभागृहाला हे मुळीच रुचले नाही. भाषणात अडथळे आले. स्वातंत्र्य उंबरठ्यावर आले असताना 'थांबा' म्हणणारा म्हातारा कोणाला आवडेल?

आम्ही राज्य शासनाच्या सेवेत तीस-पस्तीस वर्षे नस्त्या चाळल्या. आमच्याकडच्या कचेऱ्यांतून वरिष्ठ कधी कधी टिपणीच्या समासात 'चर्चा करें' एवढेच दोन शब्द लिहून नस्ती परत पाठवतात. नवख्याला वाटते, काम अडले. मुरलेल्याला कळते की, साहेबांना प्रस्ताव पटलेला नाही, पण कागदावर नकार लिहून तो मारून टाकावयाचाही नाही. समोरासमोर बसून काही निघते का ते पाहावयाचे आहे. त्या दोन शब्दांनी वाचलेली प्रकरणे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. जयकरांची उपसूचना ही घटना समितीच्या पहिल्याच नस्तीवरची 'चर्चा करें' होती, असे म्हटले तर ते फार चूक होणार नाही.

दुसऱ्या दिवशी, १७ डिसेंबरला, अध्यक्ष राजेंद्रप्रसादांनी डॉ. आंबेडकरांना बोलण्यास पाचारण केले. इतक्या लवकर आपले नाव पुकारले जाईल अशी त्यांची अपेक्षा नव्हती. तसे त्यांनी आरंभीच सांगितले. काँग्रेसचे कठोर टीकाकार म्हणून त्यांची ख्याती. तेव्हा सभागृहाने कान टवकारले असतील यात शंका नाही. त्यांनी जयकरांना पाठिंबा दिला. पण कसा? आज आपण फुटलेले आहोत, एकमेकांच्या छावण्यांत आहोत, तरी हा देश एक होईल याविषयी आपल्या मनात संशय नाही, असे त्यांनी सांगितले. लीगलाही एक दिवस अखंड भारतच हितकर वाटेल अशी आशा व्यक्त केली. ठराव आज करण्याचा अधिकार तुम्हाला आहे काय, हा प्रश्न त्यांनी बाजूस ठेवला आणि तसे करणे शहाणपणाचे आहे काय, हा विचारला. सत्ता निराळी आणि शहाणपण निराळे, हा त्या भाषणाचा गाभा. आदल्या दिवशी ज्या सूचनेची हेटाळणी झाली, तीच सूचना त्या सभागृहाने दुसऱ्या दिवशी शांतपणे ऐकली आणि बोलणाऱ्याला टाळ्या दिल्या. ठरावावरचे मतदान पुढच्या बैठकीपर्यंत थांबले; २२ जानेवारी १९४७ रोजी तो संमत झाला. लीग आली नाही. व्यवहारात पाहता जयकरांची सूचना वायाच गेली म्हणावयाची. पण घटना समितीला त्या एका दिवसात आंबेडकर नावाच्या माणसाचा परिचय झाला, आणि तो परिचय वाया गेला नाही.

नंतरची कथा आम्हाला या साऱ्या प्रकरणातील सर्वांत विलक्षण वाटते. आंबेडकर घटना समितीत आले होते ते बंगालमधून. मुंबईतून येणे त्यांना शक्य झाले नव्हते. बंगालमध्ये जोगेंद्रनाथ मंडल यांच्या साहाय्याने ते निवडून आले. फाळणी ठरली आणि बंगालची ती जागा गेली. इकडे जयकरांनी मधल्या काळात समितीचा राजीनामा दिला होता. ३० जून १९४७ रोजी राजेंद्रप्रसादांनी मुंबईचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांना पत्र लिहिले. आंबेडकरांचे समितीतील आणि तिच्या उपसमित्यांतील काम इतक्या तोलाचे आहे की त्याला आपण मुकता कामा नये, तेव्हा त्यांना तात्काळ मुंबईतून निवडून द्यावे, असा त्याचा आशय होता. जुलैत आंबेडकर मुंबईतून निवडून आले, आणि जी जागा त्यांना मिळाली ती जयकरांनी रिकामी केलेली होती.

जयकरांनी ही जागा आंबेडकरांसाठी सोडली, असे कोणी भाविकपणे सांगू लागल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. तशी दंतकथा आपल्याकडे चटकन तयार होते. जयकरांनी राजीनामा दिला तेव्हा बंगालची फाळणी ठरलेली नव्हती. जागा रिकामी झाली ती त्यांच्या स्वतःच्या कारणांनी. परंतु ज्याने एकट्याने उठून 'थांबा' म्हटले आणि ज्याला आंबेडकरांनी पाठिंबा दिला, त्याच्याच खुर्चीवर आंबेडकर परत यावेत, या योगायोगात काही गोडी आहे हे नाकारता येत नाही.

आणि बाळासाहेब खेर? १९३७ ते १९३९ या काळात मुंबईच्या विधिमंडळात खेरांच्या मंत्रिमंडळासमोर विरोधी बाकावर हेच आंबेडकर बसत. १९३८ च्या औद्योगिक कलहाच्या विधेयकावर त्यांनी सरकारला सभागृहात झोडपले आणि नोव्हेंबरात कामगारांचा संप घडवून बाहेरही झोडपले. नऊ वर्षांनी दिल्लीहून पत्र येते की, या गृहस्थांना तुमच्या पक्षाच्या मतांनी निवडून द्या. खेरांनी दिले. त्या वेळी त्यांच्या मनात काय आले असेल ते खेरच जाणोत. आम्हाला या प्रसंगात पत्र लिहिणारे राजेंद्रबाबू आणि ते पत्र तडीस नेणारे खेर हे दोघेही 'तिसरा माणूस' वाटतात. आंबेडकर कोणाचे मित्र नव्हते, कोणी त्यांचा नव्हता. पण प्रत्येकाने दुसऱ्याच्या कामासाठी वाट मोकळी ठेवली. २९ ऑगस्टला मसुदा समिती नेमली गेली आणि दुसऱ्याच दिवशी आंबेडकर तिचे अध्यक्ष झाले.

नेहरू-पटेल या जोडीचेही असेच. त्यांचा तिसरा माणूस गांधीजी. ३० जानेवारी १९४८ च्या संध्याकाळी प्रार्थनेस जाण्यापूर्वी ते सरदारांशीच बोलत बसले होते, आणि प्रार्थनेनंतर जवाहरलालजी यावयाचे होते. मधला माणूस त्या वाटेवरच गेला. चारच दिवसांनी नेहरूंनी पटेलांना पत्र लिहिले, आणि ५ फेब्रुवारीला पटेलांनी उत्तर दिले. दोघांनीही जुन्या सोबतीचे स्मरण केले आणि मतभेद ठेवूनच एकत्र राहावयाचे ठरवले. १९५० च्या डिसेंबरात सरदार गेले, तोवर ते तसे राहिले. भांडत राहिले हेही खरे आहे. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या आपल्या अखेरच्या मोठ्या भाषणात स्वातंत्र्य व समता यांबरोबर बंधुतेवर इतका भर का दिला, हे ही सारी माणसे डोळ्यांसमोर आणून वाचले की अधिक उमगते. त्यांच्या लेखी बंधुता ही सभ्यतेची शोभा नव्हती. तिच्यावाचून उरलेली दोन टिकणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते.

आता पुन्हा घराकडे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला. गोंदियाला माल घेऊन जाणारी आमची माणसे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाऊ लागली. राजधानी नागपूरहून उठून भोपाळला गेली. ज्या शुक्लजींचे नाव आमच्या घरात कपाळाला आठी घालून घेतले जाई, तेच नव्या राज्याचेही पहिले मुख्यमंत्री झाले आणि दोनच महिन्यांत, ३१ डिसेंबरला, दिल्लीत वारले. त्याच महिन्याच्या ६ तारखेला त्याच शहरात आंबेडकर गेले होते.

शुक्लजींच्या खात्यावर जमेची बाजू लिहावयाची झाली, तर आजोबांनी सोडलेल्या त्या पानावर आम्ही दोन नोंदी करू. जुन्या मध्य प्रदेशात हिंदीच्या बरोबरीने मराठीही राजभाषा होती. डॉ. रघुवीर यांना नागपुरात बोलावून प्रशासनाचे संस्कृतमूलक शब्द घडवण्याचे जे काम झाले, ते त्यांच्याच कारकिर्दीत. आज ते शब्द क्लिष्ट म्हणून हिणवले जातात. परंतु मराठी घरातून येऊन हिंदी नस्तीवर टीप लिहिणाऱ्या आमच्यासारख्या माणसाला त्या शब्दांनी किती हात दिला, हे आम्हीच जाणतो. बोलताना आमची हिंदी पकडली जाई. लिहिताना कधी पकडली गेली नाही. दुसरी नोंद अशी की, १९५२ नंतरच्या त्यांच्या मंत्रिमंडळात चंद्रपूरचे मा. सां. कन्नमवार होते, जे पुढे महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. 'हिंदीवाल्यांनी आपल्या माणसाला काढले' या वाक्यात कन्नमवार बसत नाहीत, आणि म्हणूनच बहुधा ते आमच्या घरात कधी उच्चारले गेले नाहीत.

या अंकाच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी माळ्यावर त्या काळचे कागद असतील: १९३८ ची कात्रणे, नागपूरच्या नातेवाइकांची पत्रे, मालगुजारीच्या वह्यांच्या मागच्या पानांवर लिहिलेल्या नोंदी. गेल्या वर्षी आमच्या घरच्या ट्रंकेत त्या जुलैतल्या वर्तमानपत्राचे एक पान निघाले. खऱ्यांच्या निवेदनाखाली आजोबांनी शाईने रेघ ओढलेली आहे. शेजारच्या स्तंभात दुसऱ्या बाजूचे म्हणणे छापलेले आहे, त्याला शाई लागलेली नाही. अशी पाने असतील त्यांनी ती रद्दीत घालू नयेत, आणि वाचताना दोन्ही स्तंभ वाचावेत.

जयकरांनी 'द स्टोरी ऑफ माय लाइफ' या नावाने आत्मचरित्राचे दोन खंड लिहिले. ते १९५८-५९ च्या सुमारास निघाले, आणि १० मार्च १९५९ रोजी जयकर वारले. दुसरा खंड १९२५ पाशी संपतो. नैनी-येरवड्याच्या खेपा, १९३२ ची ती रात्रंदिवस चाललेली घासाघीस, डिसेंबर १९४६ चे ते अडथळे आणलेले भाषण, यांतले काहीच त्यांत आलेले नाही. त्यासाठी दुसऱ्यांची चरित्रे काढून, सूचीत त्यांचे नाव शोधून, तेवढीच पाने उघडावी लागतात.